अठ्ठेचाळीस तासांचा शंख

माझ्या वहीत 312 क्रमांकाची नोंद आहे, पण त्या क्रमांकाचा शंख माझ्या कपाटात नाही. कपाट बघायला येणारी मुलं हमखास विचारतात, "काकू, हा खण रिकामा का ठेवलाय?" दर वेळी अर्धवट काहीतरी सांगते आणि मलाच चुटपूट लागून राहते. म्हणून आज सगळं नीट लिहून काढते.

2014 चा जानेवारी होता. मी तेव्हा रत्नागिरीत, मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघायचे. समुद्रावर जाणारी बोट आधी बर्फ भरते, त्यामुळे बंदरावरचे बहुतेक तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख, माझ्या टेबलासमोर कधी ना कधी उभे राहिलेले. कोणाच्या किती लाद्या, कोणाची किती उधारी, हे मला तोंडपाठ. आणि हिशेबाच्या बाईला शंख लागतात, हे त्यांना तोंडपाठ. लहानपणी बाबांचं बोट धरून पांढऱ्या समुद्रावर वेचायला सुरुवात केली ती आजतागायत सुटलेली नाही. पण किनाऱ्यावर वाहून येतं ते थोडं आणि झिजलेलं. खरा खजिना ट्रॉलरच्या जाळ्यातून येतो. म्हाकुल, राणीमासा, कोळंबी वेगळी काढली की तळाशी जो गाळ उरतो त्यात लांब चोचीचे टिबिया, काटेरी म्युरेक्स, तपकिरी ठिपक्यांचे बॅबिलोनिया असं काय काय असतं. खलाशी ते फावड्याने परत समुद्रात लोटतात, नाहीतर कचरा मासळीबरोबर फिशमीलच्या गाडीत जातं. त्यातलं थोडंफार माझ्यासाठी बाजूला पडायचं.

त्या मंगळवारी साडेचारच्या सुमाराला चाचा आले. नाव लिहीत नाही. बंदरावर चाळीस वर्षं काढलेला माणूस, वर्षानुवर्षं एकाच मालकाच्या बोटीवर तांडेल. हातात अंघोळीचा निळा मग, त्यावर ओलं फडकं.

"ताई, हा तुमच्या वहीत नसणार," ते म्हणाले.

फडकं काढलं आणि मी खुर्चीवरून उठले ते उठलेच. मगात बोटभर पाणी, त्यात एक कोन शंख. आपल्या समुद्रात मिळणारे बहुतेक कोन दिसायला भोवऱ्यासारखे. शेंडी बसकी, खांदे रुंद. याची शेंडी उंच, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली, आणि अंग सडपातळ. अंगावर पिवळट तपकिरी पातळ साल होती, पण ओली असल्यामुळे तिच्या आतली नक्षी दिसत होती. तांबूस रेषांनी आखलेले पांढरे त्रिकोण, एकात एक अडकलेले, शेंडीपासून टोकापर्यंत. चित्रांत शेकडो वेळा पाहिलेला. कोनस मिल्नेएडवर्डसाय. परदेशातले संग्राहक त्याला 'ग्लोरी ऑफ इंडिया' म्हणतात.

मी विचारलं, "जिवंत होता?"

"वर आला तेव्हा होता. हळूहळू तोंड काढत होता. मी खिशात टाकला, म्हटलं पडायला नको."

ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. कोनांच्या तोंडात दाभणासारखा पोकळ दात असतो, विषाने भरलेला. सोंडेच्या टोकातून तो भाल्यासारखा सुटतो आणि कापडातूनही आरपार जाऊ शकतो. यांच्यातल्या कोनस जिओग्राफस या जातीच्या दंशाने माणसं मेलेली आहेत. या जातीचं विष माणसाला किती बाधतं हा प्रश्न नंतरचा, जिवंत कोन हातात धरायचाच नसतो, मग तो कुठलाही असो. त्याच विषातून औषधही निघालं. कोनस मॅगस नावाच्या कोनाच्या विषातल्या एका घटकावरून बनवलेलं वेदनाशामक 2004 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ज्यांच्या दुखण्यावर दुसरं काही चालत नाही अशा रुग्णांसाठी. हे सगळं मी चाचांना सांगितलं. औषधाचं त्यांनी कानाआड केलं, खिशाचं मात्र ऐकून घेतलं. आता त्यांच्या बोटीवर कोन आला तर फावड्यानेच उचलतात.

शंखाबद्दल माझा एक हट्ट आहे. तो कुठे, किती खोल, कधी आणि कशात मिळाला हे माहीत नसेल, तर तो दिवाणखान्यातली शोभेची वस्तू. या चार गोष्टी कळल्या की तोच शंख समुद्राच्या तळाची खबर होतो. म्हणून माझा दुसरा प्रश्न ठरलेला असतो.

"चाचा, कुठे मिळाला?"

"पंचावन्न वावावर." म्हणजे साधारण 100 मीटर.

"ते झालं. पण जागा?"

चाचा गप्प. मग म्हणाले, "जागेचं राहू दे, ताई."

त्यांचं बरोबरच होतं. कुठल्या चिखलात कोळंबी असते, कुठल्या खडकावर जाळं फाटतं, हे तांडेलाचं अर्ध्या आयुष्याचं शिक्षण. जीपीएसवरचे ते आकडे सख्ख्या भावाच्या बोटीलाही मिळत नाहीत. मी कोण लागून गेले? मी वहीत 312 लिहिलं, पुढे तारीख, 55 वाव, ट्रॉल, आणि जागेच्या रकान्यात रेघ मारली.

आता या शंखाचं मुंबईशी नातं सांगते, कारण त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. जातीला नाव दिलं 1894 मध्ये जुसोम या फ्रेंच डॉक्टरांनी, पॅरिसच्या संग्रहालयाचे तेव्हाचे प्रमुख आल्फोन्स मिल्न-एडवर्ड्स यांच्यावरून. पाचच वर्षांनी, 1899 मध्ये, मँचेस्टरच्या मेलव्हिल आणि स्टँडन या शंख-अभ्यासकांनी अरबी समुद्रातल्या अशाच एका कोनाला कोनस क्लायटोस्पायरा नाव दिलं. त्यांच्याकडे शंख पाठवणारा माणूस होता कॅप्टन टाउनसेंड, 'पॅट्रिक स्ट्यूअर्ट' या तारखात्याच्या जहाजाचा कप्तान. समुद्राच्या तळावरून गेलेल्या तारायंत्राच्या केबली सांभाळणं हे त्या जहाजाचं काम. आत तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चा हा झाडाचा चीक, त्यावर लोखंडी तारांचं चिलखत. कुठे बिघाड झाला की गळ टाकून ती केबल तळावरून ओढून डेकवर घ्यायची, तुटलेला भाग कापायचा, जोड द्यायचा, परत सोडायची. मुंबईपासून लांब भर समुद्रात अशीच केबल वर घेताना तिच्यासोबत हे शंख आले.

मला नेहमी वाटतं, दुसरा कुठलाही कप्तान असता तर त्याने ते खलाशांना देऊन टाकले असते. टाउनसेंडने वर्षानुवर्षं इराणचं आखात, मकरान, कराची, मुंबई अशा पट्ट्यातून शंख गोळा केले आणि त्यांच्याबरोबर जागा आणि खोली कळवली. केबलच्या जहाजाला आपण नेमके कुठे आहोत हे माहीत असावंच लागतं, नाहीतर हरवलेली तार सापडणार कशी? त्या शिस्तीचा फायदा शंखांना झाला. क्लायटोस्पायरा हे पुढे मिल्नेएडवर्डसायचंच रूप मानलं गेलं, तरी मुंबईच्या समुद्रातली ती नोंद पक्की आहे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची, लोखंडी तारेबरोबर वर आलेली.

आणि माझ्या वहीत जागेच्या रकान्यात रेघ.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. 2001 साली केंद्र सरकारने काही शंख-शिंपले वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आणले. त्यातल्या परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे तिथेच, कोनस मिल्नेएडवर्डसायचं नाव आहे. तो जाळ्यात चुकून आला असो की किनाऱ्यावर सापडलेला असो, तो सरकारचा. ताब्यात आला तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्याला कळवायचं. मला हे कलम माहीत होतं, कारण कपाटातल्या प्रत्येक शंखाचं नाव मी कधीतरी त्या यादीशी ताडून पाहिलेलं आहे. चाचांना माहीत नव्हतं. मी सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे माझ्यावर केस होणार? ताई, मग मी हा आत्ताच धक्क्यावरून टाकतो."

मग उंबऱ्यावर टेकून खूप वेळ त्यांच्याशी बोलले. धक्क्याच्या पाण्यात, डिझेलच्या तवंगाखाली तो जाऊन कोणाचं काय भलं होणार होतं? जीव तर गेलेलाच होता. आपण आपणहून नेऊन दिला तर लपवण्याचा प्रश्नच उरत नाही, असं मी म्हटलं. मालकाला विचारायला हवं, ते म्हणाले. मालक फोनवर स्पष्ट बोलला की बोटीचं नाव कुठे येता कामा नये, बाकी काय ते तुम्ही बघा. शेवटी ठरलं. शंख माझ्याकडे राहील, मी अर्ज लिहीन, आणि गुरुवारी सकाळी दोघं मिळून जाऊ.

तो मी घरी नेला.

आत मांस होतं, तेव्हा साफ करायचा प्रश्नच नव्हता. संग्राहक साधारणपणे मांस काढतात, ब्लीचमध्ये साल घालवतात, तेलाचा हात देतात आणि शंख आरशासारखा करतात. पण आतला प्राणी शंखाइतकाच मोलाचा असतो. त्याच्यावरून जातीची नाती कळतात, पोटात काय होतं ते कळतं. म्हणून ओल्या कापडात गुंडाळून डब्यात घातला आणि डबा फ्रीजरमध्ये ठेवला. त्याआधी मात्र दोन तास तो माझ्या पुढ्यात होता. पाटावर पांढरा रुमाल, टेबललॅम्प, भिंग, व्हर्निअर कॅलिपर.

लांबी 97.4 मिलिमीटर. ओठाला खालच्या बाजूने नखाएवढा टवका, बहुधा जाळ्यातला. कापसाच्या ओल्या बोळ्याने साल पुसत गेलं की त्या वाटेपुरती नक्षी उजळायची आणि वाळली की परत धुरकट व्हायची. तेव्हा मी शंखाभोवती कापूस फिरवत फिरवत त्याचं अंग पट्ट्यापट्ट्यांनी वाचत गेले. दोन जागी रेषा दाट होऊन गडद पट्टे झाले होते. त्यांच्यामध्ये पांढरे त्रिकोण मोठे आणि सैल. शंखाच्या मधोमध एक वाकडीतिकडी उभी रेघ होती. तिच्या अलीकडची नक्षी पलीकडच्या नक्षीशी जुळत नव्हती, जसं कापड फाटलं आणि शिवताना डिझाइन सरकलं. कधीतरी एखाद्या खेकड्याने ओठ फोडला असणार. प्राणी आत सरकून बचावला, आणि जिथे फुटलं होतं तिथून पुन्हा चुना लिंपत पुढे गेला. त्या रेघेपासून ओठापर्यंत जवळजवळ अर्धा वेढा होता. म्हणजे त्या हल्ल्यानंतरही तो बरंच जगला, आणि मग आमचं जाळं आलं.

सासूबाई झोपायला जाता जाता थांबल्या. भिंग मागून घेतलं. शेंडीकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "देवळापुढच्या दीपमाळेसारखी आहे गं." मी इतकी वर्षं 'पायऱ्यांची शेंडी' लिहीत आले होते. त्या रात्री वहीत 'दीपमाळेसारखी' लिहिलं.

बुधवारी दुपारी कारखान्याच्या फोनवर एका माणसाचा फोन आला. बंदरावर बातमी लपत नाही. शंखांचा धंदा करतो म्हणाला, गाव सांगितलं नाही. टवका आहे का, लांबी किती, असं अगदी नेमकं विचारत गेला, आणि मग माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा आकडा सांगितला. नाही म्हटल्यावर तो वाढवला. मी फोन ठेवला. पैशाने मन हललं नाही हे खरं, पण शंख मला हवा होता, हे इथे कबूल करते. कपाटातला खण मी आदल्या रात्रीच रिकामा केला होता. कापूस अंथरला होता. कोणाला कळलं असतं? टवका असलेला एक शंख, एका जिल्ह्याच्या गावात, एका बाईच्या कपाटात. बुधवारची रात्र मी त्यावर काढली. दोनदा उठून फ्रीजर उघडला.

गुरुवारी सकाळी चाचा आले ते इस्त्रीचा सदरा घालून. रिक्षात बसल्यावर त्यांनी खिशातून सिगारेटच्या पाकिटाचा फाडलेला पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला. त्यावर बॉलपेनने दोन आकडे होते. अक्षांश आणि रेखांश.

"वहीत लिहा. सरकारी कागदावर पण लिहा. पण बंदरावर कोणाला सांगू नका."

तो शब्द मी आजही पाळते. म्हणून इथेही ते आकडे देत नाही. रत्नागिरीच्या पश्चिमेला, पंचावन्न वाव, तळाला चिखल आणि शिंपल्यांचा चुरा, एवढं पुरे.

वनखात्याच्या कार्यालयात मी धरून चालले होते त्यापेक्षा सगळं सरळ झालं. तिथल्या साहेबांनी यादीत नाव शोधलं, सापडल्यावर स्वतः उभे राहून शंख बघितला. चाचांना चहा दिला. पंचनाम्यात कारकुनाने लिहिलं, 'शंख, नग एक.' मी म्हटलं, साहेब, एवढ्याने उद्या हा कुठला ते कोणाला कळणार नाही. तेव्हा मी एकेक अक्षर सांगत गेले आणि त्यांनी जातीचं नाव, लांबी, ओठाचा टवका, तारीख, खोली, जागा, सगळं घेतलं. डब्यात टाकायला मी जाड कागदाची चिठ्ठी करून नेली होती, पेन्सिलीने लिहिलेली. शाई स्पिरिटमध्ये विरघळते, पेन्सिल राहते. हा प्राणी स्पिरिटमध्ये घालून संशोधकांच्या हाती जावा आणि चिठ्ठी त्याच्यापासून वेगळी करू नये, असं मी अर्जात लिहिलं होतं. साहेबांनी तो अर्ज पंचनाम्याला टाचला. चाचांनी सही केली, ठळक, सावकाश. मिळालेल्या पोचपावतीची झेरॉक्स वहीत 312 च्या पानाला चिकटवलेली आहे. जागेच्या रकान्यातल्या रेघेवर मी आकडे लिहिले.

कारखान्यात परतले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. 48 तास भरायला साडेतीन तास बाकी होते.

त्यानंतर मी पुन्हा हा शंख बघितलेला नाही. पण चाचांमध्ये एक फरक पडला. बर्फाचं बिल ते पूर्वी चुरगाळून खिशात कोंबायचे. आता बोट परत आली की तेच बिल घडी घालून माझ्या टेबलावर ठेवायला लागले, पाठीवर काहीतरी लिहिलेलं. 'टिबिया 6, 40 वाव, चिखल.' 'काटेरी 2, 32 वाव, वाळू.' सोबत शंख कधी असायचे, कधी नसायचे. जागेचे आकडेही असायचे, शेवटचे दोन मात्र मुद्दाम गाळलेले. तेवढी जागा त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवली आणि मी कधी मागितली नाही. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठल्यावर ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू झाला, तरी बिलं येत राहिली. माझी वही त्या वर्षात जितकी भरली तितकी आधीच्या पाच वर्षांत भरली नव्हती.

डिसेंबरातलं एक बिल माझ्याकडे जपून ठेवलेलं आहे. साठ लाद्या, पैसे रोख, आणि पाठीमागे बर्फाच्या पाण्याने फुटलेलं अक्षर:

'दीपमाळ 1. 52 वाव. जिवंत. फावड्याने परत टाकला.'

ती 347 क्रमांकाची नोंद.